भाऊजींच्या रिव्हॉल्वरसाठी एक दुश्मन

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं जन्माला आली, त्यांत ज्याच्या जिवावर कुणी म्हणजे कुणीही उठणं शक्य नव्हतं असा माणूस एकच, आणि रिव्हॉल्वर हवं होतं ते नेमकं त्यालाच. हे गृहस्थ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आंधळगावाजवळ धानाची शेती, अंगाने काटकुळे, मिशी असून नसल्यासारखी, आणि स्वभाव असा की अंगणातल्या कोंबडीलाही 'सरका जी' म्हणायचे. अशा माणसाला कोण मारणार? का मारणार? मारून त्याला मिळणार काय? पण भाऊजींना हे सांगायचं कुणी! जावयासमोर तोंड उघडायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी भंडाऱ्याला सरकारी कारकून. दुसऱ्यांच्या अर्जांवर दिवसभर शेरे मारायचो आणि घरी येऊन भाऊजींपुढे मान हलवायचो. तेव्हा जे गिळलं ते आता इथे मनसोक्त बोलून घेतो.

आधी एक सांगायला हवं. रिव्हॉल्वर त्यांना झाडायला नकोच होतं. गोळीचा आवाज झाला की ते कानांत बोटं घालायचे. त्यांना हवा होता चाप. बोटाने ओढायचा तो एवढासा लोखंडी आकडा. "गोळी काय, कोनीही झाडते, साळेबुवा," ते मला म्हणायचे, "चाप समजला पाहिजे." या समजण्यासाठी त्यांनी उजव्या हाताची तर्जनी आयुष्यभर नव्या नवरीसारखी जपली. धान कापताना तिला चिंधी बांधायचे, वरणभात उरलेल्या बोटांनी कालवायचे. जगातली प्रत्येक वस्तू त्या एका बोटाने पारखायची. छत्रीचा खटका, टॉर्चचं बटण, सायकलचा ब्रेक, काही सुटलं नाही. माझ्या लग्नात कुणीतरी आहेर म्हणून टॉर्च दिला होता; वऱ्हाड जेवून उठेपर्यंत भाऊजींनी खटखट करून त्याचे सेल संपवले आणि वर मत दिलं, "वस्तू बरी आहे, पन दाबताना मधात अडखळते." एकदा मोहाडीच्या बाजारात धानावर मारायचा फवारणीचा पंप घ्यायला गेले. दुकानातल्या एकूण एक पंपाची मूठ दाबून पाहिली, डोळे मिटून, श्वास रोखून. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी हात झटकून म्हणाले, "एकाचाही चाप मनासारखा नाही," आणि रिकाम्या हाताने घरी आले. त्या साली किडीने शेजारच्या शेतांना हात लावला नाही, एवढं यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पोट भरून घेतलं. बहीण कपाळाला हात लावून बसली, आणि हे महाराज तिला पंपांच्या मुठींमधला फरक समजावून सांगत होते.

घरात वडिलांच्या वेळची एक ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्यावरची. तिच्या चापाला भाऊजी सावत्र पोरासारखं वागवायचे. "हा चाप आहे का बैलाचं जू?" म्हणायचे. तो किती जड आहे हे मोजायची त्यांची स्वतःची शास्त्रीय रीत होती. बंदूक उभी टांगायची, चापाला कापडी थैली बांधायची आणि खट् आवाज येईपर्यंत तिच्यात मुठीमुठीने तांदूळ सोडायचे. मग ती थैली तराजूत. तांदूळही बारीक, वासाचा चिन्नोरच लागे, कारण जाडा तांदूळ म्हणे धक्का देत पडतो आणि माप बिघडवतो! घरातली माणसं जाडा भात खायची आणि चिन्नोर बंदुकीला. एवढा सगळा थाट, आणि डुकरं मात्र दर साली मजेत येऊन धान तुडवून जायची, कारण ती आली की भाऊजी डबा वाजवायचे.

निवडणूक हा त्यांचा खरा सण. निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. इतर लोक कुरकुरत जायचे. भाऊजी धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून जायचे. आणीबाणी सैल होऊन निवडणूक लागली तेव्हा गावोगाव लोक काय काय बोलत होते, कुठे चिडले होते, कुठे नाचत होते. आमच्या भाऊजींना कोण उभा आहे हेही ठाऊक नव्हतं. ते मोहाडीच्या ठाण्यात हवालदाराच्या हातापाया पडून, जमा झालेल्या रिकाम्या बंदुकांचे चाप एकेक करून ओढून पाहत होते. हवालदार म्हणाला, "काकाजी, मत तरी देऊन या." हे म्हणाले, "तेच तं देऊन राहिलो."

त्याच बंदुकांत कुणा ठेकेदाराचं रिव्हॉल्वर होतं, आणि तिथेच घात झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रिव्हॉल्वरचा चाप ओढला आणि चार दिवस धड जेवले नाहीत. मग नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याचं दुकान होतं. एकदा मलाही ओढून नेलं. बाहेरच्या मालाची आयात बंद, त्यामुळे जुनंच हत्यार या हातातून त्या हातात फिरायचं. म्हाताऱ्याने तीन-चार नग गादीवर मांडले. भाऊजींनी एक पिस्तूल उचललं, चाप ओढला आणि तोंड वाकडं केलं. "पयले ढिला ढिला येते, मंग एकदम अडते, न् सुटते तं दगा देल्यावानी." दुसऱ्या नगाबद्दल म्हणाले, "रेती आहे याच्यात." म्हाताऱ्याने शपथ घेतली की रेती नाही. "तुमच्यासाठी नाही. माह्या बोटाले लागली." मग त्याने आतून एक जुनं विलायती रिव्हॉल्वर आणलं, कुणा निवृत्त जंगलसाहेबाचं. भाऊजींनी अंगठ्याने घोडा मागे ओढला, बोट चापाला टेकवलं, डोळे मिटले. खट्. मला वाटलं यांना आता फीट येते. डोळ्यांत पाणी! "पिकलं बोर देठातून सुटते ना, तसा सुटला," ते कुजबुजले. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा सरळ म्हणाला, "परवाना आणा, मग न्या. तोवर कुणाला देत नाही. असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

परवाना! तो काय बोरासारखा देठातून सुटतो? रिव्हॉल्वरच्या अर्जात कारण द्यावं लागतं, आणि कारण म्हणजे जिवाला धोका. भाऊजींनी भाबडेपणाने लिहिलं, 'चाप उत्तम आहे.' मी तो कागद फाडला आणि 'जिवास धोका' असं लिहून दिलं. मग चौकशीला हवालदार गावात आला. पारावर विचारलं, यांना कुणापासून धोका आहे? पार हसायला लागला. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "याले कोन मारीन जी? याले मारलं तं पाप लागीन." हवालदाराने तसं कळवलं, आणि अर्ज परत आला. भाऊजी माझ्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तहसिलीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, "काकाजी, तुमचा कागद चोख आहे. फक्त एक दुश्मन पाहिजे."

दुसरा कुणी असता तर तिथेच शहाणा झाला असता. हे गेले थेट दसारामकडे. दसाराम म्हणजे धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून शेत असलेला शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. दोघांची सावड होती: याचा एक बैल, त्याचा एक बैल, आणि त्या जोडीने दोघांचीही नांगरणी, रोवणीला त्याच्या घरच्या बाया इकडे आणि इकडच्या तिकडे. भाऊजी त्याला म्हणाले, "दसाराम, माहा दुश्मन होतं का गा?" दसारामने बिडी विझवली. "होतो ना. कधीपासून?" असली ही दोन रत्नं!

भांडण मोहाडीच्या बाजारात करायचं ठरलं, पोलिसाच्या डोळ्यांसमोर. दसारामने काठी उगारली आणि धुऱ्यावरून अशा शिव्या घातल्या की माळवं विकणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. "तुले जित्ता सोडनार नाही! कापीन!" भाऊजी खरोखरच घाबरले, मागे सरताना टोपलीत पडले. दसारामने चटकन हात देऊन उठवलं, धोतरावरची वांगी झटकली, "लागलं का बे?" विचारलं आणि पुन्हा काठी उगारून "कापीन!" म्हणाला. मग दोघे एकाच रेंगीत बसून, त्याच सावडीच्या बैलांमागे, घरी गेले. मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, चला, नाटक बुडालं. पण सरकारी यंत्रणेचं मला जास्त कळायला हवं होतं. धमकी बाजारात सगळ्यांनी ऐकली होती, फिर्याद झाली होती, नोंद झाली होती. अर्ज पुन्हा हलला. आणि त्याचबरोबर दसारामवर चॅप्टर केस लागली. आता त्याने तहसिलीत तारखेला हजर व्हायचं, चांगल्या वागणुकीचा जामीन द्यायचा, नाहीतर आत. भाऊजींच्या जिवाला धोका आहे असं एकदा सिद्ध झालं की दसारामचं नाव ठाण्यात गुंड म्हणून कायमचं लागणार होतं.

तारखा पडल्या त्या ऐन रोवणीत. दसाराम मोहाडीला तहसिलीच्या व्हरांड्यात उकिडवा बसलेला, आणि इकडे त्याचे परे, म्हणजे रोवायला तयार झालेली धानाची रोपं, पिवळी पडायला लागलेली. भाऊजींनी काय करावं? आपली रोवणी थांबवून त्याच्या बांधीत उतरले, घरातल्या बायांना घेऊन. पुढची चौकशी करायला हवालदार सायकलवरून आला तेव्हा जिवाला धोका असलेला इसम गुंडाच्या शेतात कमरेत वाकून चिखल तुडवत होता. हवालदाराने धुऱ्यावर सायकल लावली. "हे काय करून राहिले, काकाजी?" "दुश्मनाचा धान लावून राहिलो," भाऊजी म्हणाले, "त्याले टाइम नाही ना." हवालदाराने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला. भला माणूस, त्याने ते वर कळवलं नाही.

शेवटी भंडाऱ्याला कलेक्टर साहेबांपुढे सुनावणी झाली. मी माझी फाइल सोडून दाराशी जाऊन उभा राहिलो. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले की पोलिसांचा अहवाल अनुकूल आहे, फक्त अर्जदाराने तोंडी सांगावं. एक 'हो', आणि जंगलसाहेबाचं रिव्हॉल्वर आंधळगावात येणार होतं. आधी त्यांनी दसारामला विचारलं, "तू यांना मारणार आहेस?" दसाराम छाती काढून म्हणाला, "हो जी. मारीन. लिवून घ्या साहेब, सोडत नाही मी याले." आणि भाऊजींकडे पाहून डोळ्याने खूण केली, बोल आता. दोस्तासाठी तुरुंगात जायला निघालेला तो माणूस! रोवणीच्या चिखलाच्या खुणा त्याच्या पोटऱ्यांवर अजून होत्या. मी देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की भाऊजी 'हो' म्हणतील. ज्या माणसाने चापापायी बायकामुलांना जाडा भात खायला घातला, तो दोस्ताकडे काय बघणार?

भाऊजी उभे राहिले. ती जपलेली तर्जनी धोतराला पुसली. म्हणाले, "साहेब, हा खोटं बोलून राहिला. यानं घरात निघालेला साप नाही मारला कधी, मले काय मारते! मले चाप आवडला होता साहेब. बाकी काही नाही. याचं नाव काढून टाका."

साहेब भडकले, आणि भडकायलाच हवे होते. सरकारला खोटी माहिती दिली म्हणून अर्ज तर गेलाच, वर डुकरांसाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा परवानाही गेला. दसारामवरची केस रद्द झाली. बाहेर आल्यावर तोच उलटा भांडायला लागला, "काहून बोलला बे? एवढी मेहनत केली मी!" भाऊजी त्याचा हात धरून चालू लागले. पुढच्या आठवड्यात नागपूरला जाऊन बंदूकवाल्याला सांगून आले की वस्तू दुसऱ्याला देऊन टाका. म्हाताऱ्याने प्रेमाने ती पुढे केली, एकदा ओढून तरी बघा म्हणाला. यांनी हात मागे बांधले. "नोको जी. पुन्हा मन होईन."

काही वर्षांनी दसाराम गेला. चार दिवस ताप आला आणि संपलं. मी आंधळगावला भेटायला गेलो तेव्हा भाऊजी ओसरीत बसले होते, बोटाला चिंधी नव्हती. मी म्हटलं, नवे साहेब आलेत, भले आहेत, पुन्हा अर्ज करू. कारकुनाचं सांत्वन ते! भाऊजी म्हणाले, "दुश्मन कोठून आनू?" मी हसून म्हटलं, "मी आहे ना. मी होतो तुमचा दुश्मन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एखाद्या जुन्या नगाकडे पाहावं तसं, पण प्रेमाने. "तुमच्यानं नाही होनार, साळेबुवा," ते म्हणाले. "तुम्ही खरंच माहा राग करता."

बहिणीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. बाहेर दसारामच्या शेतात त्याच्या घरची माणसं रोवणीला उतरली होती. भाऊजी उठले, धोतर वर खोचलं आणि तिकडे निघाले. मला रोवणी येत नाही, कधी आली नाही. तरी मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या मागे चिखलात उतरलो.