लेकी-जावयाच्या नावांवर मारलेले दोन राखाडी पट्टे

घरात ऱ्हाते मी, आणि भिंतीचा रंग ठरवतंय पुणं! "हलका राखाडी का गडद राखाडी, मत द्या" म्हणं. सकाळपासनं भावकीच्या ह्या ग्रुपवर समद्यांनी मत दिलं. मी काय मेले व्हय?

आज आमच्या निपाणीच्या घराला पेंटर आलता. रंग दिसावा म्हणून दर्शनी भिंतीवर दोन पट्टे मारले. एक चुलीतली राख, दुसरी बंबातली.

त्या भिंतीवर दाराच्या एका बाजूला माझ्या पुण्यातल्या लेकाच्या, प्रकाशच्या लग्नातली नावं रंगवलेली हायत. दुसऱ्या बाजूला लेकीची, सुनंदाची आणि जावयाची. हलका पट्टा सुनंदावर, गडद जावयावर.

"एवढी भिंत मोकळी असताना हितंच का रं?"

"आजी, पुण्याच्या प्रकाशअण्णांनी फोटोवर खूण करून धाडलीया. मला काय ठावं?"

सुनंदा नवऱ्याला सोडून आली म्हणून पहिलं तिचं नाव झाकायचं व्हय रं प्रकाश? ती हितंच ऱ्हातीया, माझ्यासंगं. पट्टे बघितले आणि आत गेली.

रंग ओला हुता तवरच मी फडका घेतला आणि तिचं नाव पुसून उघडं केलं. जावयावरचा पट्टा तसाच ठेवलाय. गडद चांगला झाकतोय, हे माझं मत.

आता बाकीच्यांनी गप बसायचं. खूण तिथंच का केलीस, ते प्रकाशनं लिवायचं. त्याच्या बदली सुनेनं न्हाय. आणि नुसता अंगठा चालणार न्हाय.