अण्णांनी थांबवलेली बस

अण्णा, म्हणजे माझे वडील, वेळेच्या आधी पोचणं हा धर्म मानत. सातची गाडी असली की साडेपाचला फलाटावर हजर. लग्नाला आम्ही पोचायचो तेव्हा मांडववाले अजून खांब उभे करत असायचे. अशा माणसाच्या पोटी जन्माला येऊन मला मात्र कुठेही वेळेवर पोचणं जमलं नाही. आळस म्हणावा, तर मी पाचला उठत होते. वेणी, अंघोळ, डबा, एवढ्यात पावणेदोन तास कुठे जायचे ते मला अजून सांगता येत नाही. विचारू नये कोणी.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मला कानडी मुलखातल्या आमच्या शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात ट्रेसरची नोकरी लागली. इंजिनियर लोक पेन्सिलीने यंत्रांची चित्रं काढत. ती खळ दिलेल्या तलम कापडावर शाईने उतरवायची, एवढंच काम. रेघ हलली की ब्लेडने खरवडा, पुन्हा मारा. मला ते काम फार आवडायचं.

कारखान्याची बस पावणेसातला चामराजपेटेतल्या आमच्या कोपऱ्यावर यायची. पहिल्या आठवड्यात ती माझी तीनदा चुकली. मग अण्णांनी उपाय काढला. साडेसहालाच कोट चढवून ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहत. बस आली की एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. "स्वल्प निल्लिसी, जरा थांबवा, मुलगी येतेय," असं अर्ध्या कानडीत ड्रायव्हरला सांगत. ड्रायव्हर येलहंक्याचा, वयस्कर, भिडस्त माणूस. म्हाताऱ्याचा पाय पायरीवर असताना बस हाकायची त्याची छाती नव्हती. मी वेणीचं टोक दातांत धरून धावत येई, आणि चाळीस माणसं खिडक्यांतून माझं येणं बघत.

"अगं, किती लोक खोळंबलेत तुझ्यासाठी," अण्णा सगळ्यांसमोर म्हणत.

"माझ्यासाठी नाही, तुमच्या पायासाठी," असं माझ्या ओठांवर येई. पण मी मागे जाऊन बसे. असं जवळजवळ वर्षभर चाललं. बस चुकण्यापेक्षा ही पकडलेली बस मला जड झाली होती.

एका सकाळी अशीच धावत बस पकडली; थांबवून ठेवलेल्या बसला उशीर झाला म्हणून फाटकापासूनही धावत आले, वेळेवर पोचले, धापा टाकतच टेबलाशी बसले. समोर गिअरबॉक्सचं मोठं चित्र होतं. नऊ दिवस मी त्यावर खपले होते, दोन कोपरे तेवढे राहिले होते. मनगट कापडावर टेकवलं आणि पेन चालवलं. घामाने खळ सुटली. शाई रेघ सोडून चहूकडे फुटली. पुसायला गेले तर आणखी पसरली.

आमचे मुख्य ड्राफ्ट्समन म्हैसूरकडचे, कमी बोलणारे. त्यांनी ते कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"आज वेळेवर आलात?"

"हो. धावत आले."

"हे आता वर्कशॉपला पाठवता येणार नाही."

"माहीत आहे."

"उशीर झाला तर मी हजेरीत लाल रेघ मारीन. ते माझं काम आहे," ते म्हणाले. "पण हात कोरडे होईपर्यंत पेन उचलू नका. ते तुमचं."

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती चिडूनच. कुणावर ते कळत नव्हतं. अण्णा पडवीत बसले होते.

"उद्यापासून बस थांबवू नका," मी म्हटलं.

"आणि चुकली तर?"

"चुकू दे."

"नोकरी जाईल."

"गेली तर माझी जाईल, अण्णा."

दोन दिवस ते मला काय सांगायचं ते आईकरवीच सांगत. बस कधी मिळे, बरेचदा चुके. मग मार्केटपर्यंत चालत जायचं, तिथून शहराची बस, पुढे पुन्हा पायपीट. चाळीस मिनिटं उशीर ठरलेला. हात धुवायचे, पुसायचे, कापडावर खडूची भुकटी चोळायची, मगच पेन. संध्याकाळी सगळे गेले की राहिलेली चाळीस मिनिटं मी आपणहून भरून काढी. मला कोणी थांबा म्हटलं नव्हतं. पण पुन्हा शाई फुटली नाही. हजेरीत माझ्या नावापुढे लाल रेघाच रेघा झाल्या.

त्याची किंमत मोजावी लागलीच. माझ्यामागून लागलेल्या तिघी सीनियर ट्रेसर झाल्या, मी तिथेच. एकीच्या पेढ्याचा तर मला भयंकर राग आला होता. तरी तो खाऊन मी टेबलाशी गेले आणि अर्धं राहिलेलं वर्तुळ पुरं केलं. ते चांगलं उतरलं, तेव्हा राग थोडा ओसरला. घाईत मी दुसरीच कोणी होते, आणि ती बाई मला काही कामाची नव्हती. हे कळायला सहा वर्षं लागली.

बढती मिळाली तेव्हा मी पस्तिशीला आले होते आणि आम्ही राजाजीनगरला राहायला गेलो होतो. त्याच सुमारास नवे अधिकारी आले. त्यांनी हजेरी चाळली आणि रोजच्या उशिराचं लेखी कारण मागवलं. मी लिहिलं, 'मी उशिरा येते. काम पुरं करून जाते.' कागद परत आला. 'योग्य कारण द्यावे.' मी नवा कागद घेतला, तीच दोन वाक्यं सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली आणि खाली सही केली.

त्यानंतर कोणी विचारलं नाही.