गोविंदच्या गाडीचं सरकतं दार

गोविंद माझा शेजारी, इथे नावन गावात, आणि तो मला आवडत नाही हे मी आधीच सांगून टाकतो. माणूस वाईट नाही. तीच तर अडचण आहे.

आम्ही दोघंही बायकांच्या मागून आयर्लंडला आलेले नवरे. माझी शुभदा आणि त्याची सुलभा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही पुण्यातल्या नोकऱ्या सोडल्या. मी घरी बसून ऑनलाइन शिकवण्या घेतो आणि भांडी घासतो. गोविंदने मात्र एक जुनी अमेरिकन मिनीव्हॅन घेतली, क्रायस्लरची ग्रँड व्हॉयेजर, आणि बघता बघता समस्त मराठी मंडळींचा तारणहार झाला. कुणाचे आईवडील एअरपोर्टवर उतरणार, गोविंदला सांगा. कुणी घर बदलून किलकेनीला चाललं, गोविंदला सांगा. मी हॅचबॅक घेऊन समोर उभा असलो तरी लोक माझ्या खांद्यावरून त्याच्या गाडीकडे बघतात.

पुण्यात तो गाड्यांच्या डिझाइनमध्ये होता. एका व्हॅनच्या सरकत्या दारावर त्याने सहा वर्षं घालवली. त्याचा रूळ, त्याची चाकं, बंद होताना येणारा आवाज, एवढंच. मग कंपनीने तो प्रकल्पच गुंडाळला आणि त्याचं दार कुठल्याच गाडीला लागलं नाही. म्हणून असेल, दुसऱ्यांच्या दाराचं त्याला भारी कौतुक.

"अशा गाडीची कल्पना आधी एका मोठ्या कंपनीने नाकारली होती, काकू," तो चहा पिता पिता सुरू करायचा. "मग ती मांडणारी माणसं दुसऱ्या कंपनीत गेली, तीसुद्धा बुडायला आलेली. गाडी घरच्या गॅरेजमध्ये मावली पाहिजे आणि पायरी न चढता आत बसता आलं पाहिजे, असं ठरलं. मग इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिली, मागच्या चाकांकडे जाणारा खालचा मधला दांडा गेला, गाडीचा तळ सपाट झाला. त्र्याऐंशी साली पहिली गाडी आली. पण सरकतं दार एकाच बाजूला! दुसऱ्या बाजूला दार द्यायला त्यांना आणखी बारा वर्षं लागली. आणि सीटा गाडीच्या तळात गडप करायला त्यावर नऊ."

काकू म्हणजे माझी आई, ऑगस्टमध्ये कराडहून आलेली. हा इतिहास मला तोंडपाठ झाला होता. आई मात्र दर वेळी नव्याने ऐकायची.

"गुडघा न वाकवता बसाय येतं बघ प्रताप, हिच्यात," ती मला म्हणाली. "तुझ्या गाडीत बसायचं म्हंजे विहिरीत उतरल्यागत वाटतंय."

मी हसलो. आतून माझा नुसता जळफळाट झाला. सात समुद्र ओलांडून आई माझ्याकडे आली होती, आणि मिरवत होती शेजाऱ्याच्या गाडीतून.

दसऱ्याला आम्ही दोन्ही गाड्या दारात धुऊन उभ्या केल्या. दुपारी डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. जेवणाची पातेली गोविंद नेणार होता आणि त्याच्याबरोबर जायचं आईने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. पूजा आईनेच केली. माझ्या गाडीला कुंकवाचं एक बोट आणि चार अक्षता. त्याच्या गाडीला स्वस्तिक, शेवंतीचा हार, नारळ, वर साग्रसंगीत आरती. मग सगळे पेढे घ्यायला आत गेले. मी बाहेरच राहिलो. कुंकवात कालवलेल्या ओल्या अक्षता वाटीत तशाच होत्या. गोविंदच्या गाडीचं सरकतं दार उघडं होतं. मी वाटी उचलली आणि दाराखालच्या रुळात रिकामी केली, वर बोटाने दाबूनही बसवल्या. का, म्हणाल तर उत्तर सोपं आहे. मी जळत होतो.

निघायच्या वेळी गोविंदने बटण दाबलं. दार अर्ध्यावर आलं, कण्हलं आणि अडथळा लागल्यासारखं मागे गेलं. परत दाबलं, परत तेच. तो गुडघ्यांवर बसला, रुळात बोट घातलं. बोट लाल झालं.

"माझ्याच हातनं सांडल्या बाबा," आई एकदम म्हणाली. "हात कापतोय माझा हल्ली. वाटोळं केलं बघ तुझ्या गाडीचं."

"काही नाही हो काकू, ग्रँड आहे," गोविंद म्हणाला. इथले लोक 'ठीक आहे'ला 'ग्रँड' म्हणतात, ते त्याने उचललं होतं. "ब्रशने निघेल. तुम्ही प्रतापबरोबर पुढे व्हा, जेवण थांबायला नको."

पातेली माझ्या गाडीत मागे चढली आणि आई पुढे, माझ्या शेजारी बसली. झालं माझ्या मनासारखं. मोटारवेच्या आधीचा राउंडअबाउट आला तेव्हा मीच विषय काढला.

"गोविंद काही मनात धरणार नाही," मी म्हणालो. "चुकून सांडल्या तुझ्याकडून."

"खिडकीतनं बघितलं म्या," आई म्हणाली. "परक्याफुडं तुझी मान खाली जाऊ ने म्हणून खोटं बोलले. सणाच्या दिवशी. ह्या वयात."

मी गाडी राउंडअबाउटवरून पुरती फिरवली आणि घराकडे आणली.

गोविंद अंगणात पालथा पडून टूथब्रशने रूळ खरवडत होता. बारीक पाऊस सुरू झाला होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "त्या अक्षता मी टाकल्या. मुद्दाम."

तो उठून बसला. त्याची नजर माझ्या मागे, माझ्या गाडीकडे गेली.

"काकूंना माहितेय?"

"हो."

"मग त्यांना असं गाडीत का बसवून ठेवलंयस?" तो म्हणाला. "काच उघडी आहे तिकडची. भिजतायत त्या. आत ने आधी."

मी वळून बघितलं. आईचा खांदा भिजला होता आणि ती पदर गच्च लपेटून बसली होती. माझी आई, पण ते दिसलं त्याला. खरं सांगतो, लाजेने मान वर होत नव्हती, तरी त्या क्षणीसुद्धा मी जळलोच.