पाचवी लढत

त्या दिवशी गडचिरोलीच्या दवाखान्यात माझी मुलगी वारली.

सकाळी बाहेरच्या टीव्हीवर दोन देशांचा बॅडमिंटनचा सांघिक सामना चालू होता. शेजारचा अनोळखी माणूस खांद्यावरच्या दुपट्ट्याने सारखा चष्मा पुसत होता. एका संघाने पहिल्या तिन्ही लढती जिंकल्या आणि सामना तिथेच संपला. पाचव्या लढतीची मुलगी न खेळताच बॅग उचलून निघाली.

"मंग तिले आणलं काऊन?" तो चिडला. "पाचही लढती होऊ द्या, साऱ्यायचे पॉइंट जोडा, मंग ठरवा कोन जिंकलं!"

मी म्हणाले, "माझी मुलगी आत आहे. तीही संघात पाचवी. अजून एकदाही खेळायला मिळालं नाही."

"नियम मी बदलवतो बाई. तिले फक्त बरी व्हाले सांगा."

दुपारी नर्स माझ्याकडे आली, तेव्हा त्याने उठून टीव्ही बंद केला.

तिचा संघाचा टी-शर्ट घरी आहे. त्याला कधीच घाम लागला नाही.