आईचं इन्शाल्ला

घरातून निघाले तो दोन जानेवारीचा दिवस. व्हरांड्यात कागदी तारा अजून टांगलेला, अंगणात येशूबाळाचा गोठाही तसाच. आमच्या वसईत तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा तारखेपर्यंत, गोठा काढत नाहीत. आई फाटकापाशी येऊन म्हणाली, "चार दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" बाबा रिक्षात बॅग चढवत म्हणाले, "अगं, नोकरी आहे ती, जत्रा नव्हे!" मला दोघांचाही राग आला होता. कधी एकदा सुटते असं झालेलं. त्याला चौदा वर्षं झाली.

आखातात, दोहात मी लॅब टेक्निशियन आहे. मन्सूरा भागात भाड्याची खोली, एकटीच राहते. लग्नाचा विषय काढू नका, तो गावात पुरेसा निघतो. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे चर्चही शुक्रवारी. पहिल्याच महिन्यात फोनवर म्हटलं, "शुक्रवारी मिस्साला जाऊन आले," तर आई घाबरली, "अगं बाई! कोण गेलं?" गावात रविवार सोडून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं ते बहुधा कुणी वारलं तरच.

डिसेंबरात इथल्या राष्ट्रीय दिनासाठी सगळं शहर झगमगतं आणि माझं वेडं मन ती रोषणाई नाताळाची समजतं. पंचवीसला सकाळी सातला मी रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत असते. कुणीतरी प्लम केक आणतं, दोन तुकडे खायचे, की यल्ला, चला, पुढचं सॅम्पल. खालच्या दुकानात केक मिळतो, रोझ कुकीज मिळतात. फुगे मात्र नाहीत. आईच्या हातचे ते तळलेले गोल फुगे मटणाच्या रश्शात बुडवून खावेत, असं त्या दिवशी इतकं वाटतं की सांगता सोय नाही.

दर ऑक्टोबरात आई विचारायची, "यंदा नाताळाला येणार ना?" मी म्हणायची, "इन्शाल्ला." म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं तिला समजावलंही होतं. तिला शब्द फार आवडला, फादरनाही सांगून आली. पण आखातात राहिलेल्यांना ठाऊक आहे, रजेच्या अर्जावर साहेब इन्शाल्ला म्हणाला की समजायचं, खलास! आणि खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मी अर्जच केला नव्हता. बाबा गेल्यावर त्यांच्याशिवायचं घर बघायची भीती वाटायची.

मागच्या वर्षी मी उलट तिलाच म्हटलं, "आई, तूच ये ना इकडे. तिकीट काढते." ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "इन्शाल्ला!"

मी हसले, आणि फोन ठेवल्यावर खूप रडले. म्हणजे इतकी वर्षं तिला सगळं कळत होतं.

यंदा ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर लागला, तिने विचारलंच नाही. मी वाट बघत होते हो! शेवटी मीच अर्ज टाकला. नाताळाची रजा लहान मुलं असणाऱ्यांना गेली, मला अठ्ठावीसपासून मिळाली. लगेच फोन लावला. "आई, नव्या वर्षाला येतेय. इन्शाल्ला नाही, तिकीट काढलंय."

ती म्हणाली, "पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेते."

"पाहुण्यांची खोली कुठली गं?"

"तुझीच की."

घर कुठे, असं विचारलं की मी अजून वसईच सांगते. तिथली खोली पाहुण्यांची झाली आणि इथली घरमालकाची आहे. तुम्ही गावात राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे बाहेर पडलेले, ह्याचं काय करायचं ते कळलं तर मलाही कळवा. नव्या वर्षाचा माझा संकल्प साधा आहे, आईला एक तर हो सांगायचं, नाहीतर नाही.

"किती दिवस राहशील?" तिने विचारलं.

"नऊ."

"नऊ?" तिचा आवाज एकदम उजळला. "पुष्कळ झाले गं! पुष्कळ झाले."

त्या नऊ दिवसांत येण्याजाण्याचे दोन धरलेत, हे काही मला तिला सांगवलं नाही.