घिसाडीण आणि गंजलेली जीप

लग्न होऊन मी सेनगावजवळच्या एका गावी आले, तेव्हा आमच्या अंगणात जुन्या जीपचा सांगाडा गंजत पडला होता. चाकं आणि इंजिन केव्हाच विकून झालं होतं. पत्र्याखालून विंचू निघायचे. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी दोन बैलजोड्या लावून तो ओढून पाहिला, पण मातीत रुतलेला सांगाडा जागचा हलला नाही.

तेव्हा गावाबाहेर लोखंडकाम करत फिरणाऱ्या घिसाड्यांची पालं उतरली होती. त्यांतली एक बाई विळे विकायला दारात आली. तिनं बैलांची ओढाताण पाहिली आणि म्हणाली, "ओढता काहून? आमी तोडून नेतो."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. नवरा पत्र्यावर छन्नी धरून बसला आणि घण तिनं उचलला. बाई माझ्याच वयाची होती. प्रत्येक घाव बरोबर छन्नीच्या डोक्यावर पडत होता आणि नवऱ्याची बोटं तिथून वीतभरही लांब नव्हती. मी बघत राहिले.

ती पाणी प्यायला थांबली तेव्हा मी घण उचलून पाहिला. तो माझ्या गुडघ्याच्या वर गेला नाही.

"हिचा हात चुकला तर वो?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं.

"न्हाई चुकत. लग्नापासून हीच मारून राहिली," तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. "बघा, धाच्या धा हायेत."

दिवस मावळायच्या आत सगळं लोखंड त्यांच्या गाडीत चढलं. सासऱ्यांनी दोघांना ओसरीवर जेवायला बसवलं. भाकरी वाढताना मी तिच्या मनगटांकडे बघत होते. ती माझ्याहून बारीकच होती.