आंधळ्या मोरांची चादर

चादरीच्या कारखान्यात मी घडीच्या टेबलावर होतो. मागावरून उतरलेला माल तपासायचा, बिघडलेला बाजूला काढायचा, बाकीच्याच्या घड्या घालायच्या. त्यातल्या दोन बिघडलेल्या चादरींबद्दल मी कोर्टात खोटं बोललो. ते आता लिहून ठेवतो.

माझा सोबती सात नंबरच्या मागावर होता. तेलुगू घरातला, बोलका माणूस. एकदा त्याच्या मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यातलं एक भोक बुजलं आणि दोन चादरींवरचे सगळे मोर डोळ्यांविना विणले गेले. एक चादर मी त्याला घरी नेऊ दिली. दुसरी मटक्याच्या टोळीतला एकजण माझ्या टेबलावरून उचलून घेऊन गेला. त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

पंधरा दिवसांनी मोडनिंबच्या बाजूला विहिरीत चादरीत गुंडाळलेलं प्रेत सापडलं. डोकं नव्हतं. मेला कोण तेच कळेना, म्हणून पोलीस चादरीच्या मागे लागले. पोलिसांचे साहेब चादरीचा कापलेला तुकडा घेऊन कारखान्यात आले. हे कापड कुणी ओळखतं का, विचारलं. बाकीचे आपापल्या मागाकडे वळले. सोबती मात्र हसत पुढं झाला.

“माझा मोर हाय की, साहेब. आंधळा.”

“खात्री आहे?”

“आपलं लेकरू वळखू येत न्हाय व्हय?”

साहेबांनी प्रत्येक मागावर हातभर कापड विणून घेतलं आणि भिंगाखाली धागे मोजले. सात नंबरवर काठाचा तिसरा धागा कायम सैल पडायचा. तुकड्यातही तो सैल निघाला. असलं काही आम्ही कधी पाहिलं नव्हतं, गंमत बघत उभे राहिलो. संध्याकाळी सोबत्यालाच धरून नेलं. खून मटक्याच्या टोळीचा आणि प्रेत गुंडाळायला चादर त्यानं दिली, असं पोलिसांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी तो मटकेवाला माझ्या टेबलापाशी आला. एका चादरीची स्वतः नीट घडी घातली. म्हणाला, “लई बारीक काम हाय तुमचं. हात जपा.”

कोर्टात मला विचारलं, अशा चादरी किती होत्या, कुणी नेल्या? मी म्हणालो, “दोन. दोन्ही त्यानंच नेल्या.”

पिंजऱ्यातून सोबती हळू बोलला, “दादा, आठवा की.”

जन्मठेप झाली. सहाव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. त्याच्या बायकोनं विड्या वळून मुलीला वाढवलं. पुढं तो मटकेवालाही मेला. त्यालाही आता वीस वर्षं झाली. म्हणजे भीती कधीच संपली होती. तरी मी सोबत्याच्या घरी गेलो नाही.

गेल्या आठवड्यात त्याची बायको वारल्याचं कळलं, तेव्हा शुक्रवार पेठेत त्यांच्या घरी गेलो. मुलीला सगळं सांगितलं. ती उठली. आत जाऊन चादर घेऊन आली आणि माझ्यासमोर पसरली. रंग उतरलेले, डोळे नसलेले मोर.

“आई ही कोर्टात घेऊन गेली होती, काका. बाबांनी नेलेली घरातच हाय म्हणून दाखवायला. तुमी दोन्ही त्यांनीच नेल्या सांगितल्यावर कुणी बघितलीच न्हाय.”

“मी पोलिसांत लिहून देतो, बाई.”

“द्या. पण आईला सांगायला पायजे होतं. गेल्या महिन्यापर्यंत होती की ती.”

तिनं चादरीची दोन टोकं उचलली. सवयीनं मी उरलेली दोन धरायला वाकलो.

“राहू द्या,” ती म्हणाली, आणि एकटीनं घडी घातली. ती वाकडी झाली. पुन्हा उलगडून तिनं पुन्हा घातली. मी बघत बसलो.